मार्मलेडचा उपवास

संध्याकाळचे दिवे लागले की आमच्या बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या पेटीतून एक अतिशय मऊ, कोरडी खसखस ऐकू येते. जुनी रेशमी साडी कपाटातून काढून कुणी तिची घडी सावकाश उलगडावी, तसा तो आवाज. फुसफुस नाही, फूत्कार नाही. लाकडाच्या भुशावरून एक निवांत देह पुढे सरकतो आहे, इतकंच. तो आवाज आला की मी पोळी तव्यावर तशीच टाकून क्षणभर कान देते. मार्मलेड उठली, असं मनाशी म्हणते आणि मग पोळी उलटते. तोवर ती बहुधा करपलेली असते.

मार्मलेड ही आमच्याकडे नव्याने राहायला आलेली सापीण. दचकलात ना? इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकमधले आमचे सगळे मराठी स्नेही असेच दचकले होते. पण ती बिनविषारी आहे, कॉर्न स्नेक जातीची. पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा तिचा रंग, त्यावर विटकरी ठिपके, आणि डोळे इतके निर्विकार की आपला सगळा उत्साह त्यांच्यापुढे उगीचच वाटू लागतो. ती मूळची पलीकडच्या घरातल्या मार्गारेटची. मार्गारेटचे गुडघे थकले, मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं, आणि त्या फ्लॅटमध्ये प्राण्यांना मज्जाव. एक दिवस ती कुंपणाशी उभी राहून रडली. फर्निचर दिलं, बाग सोडली, पण हिला कुणाच्या हाती देऊ, असं म्हणाली. माझ्या तोंडून शब्द निघून गेले, "मी ठेवते." घरात कुणाला विचारायला हवं होतं, हे मला चहा पिताना आठवलं.

जाताना मार्गारेटने मला सगळं समजावून सांगितलं. पेटीच्या एका बाजूला खालून ऊब देणारी हीट मॅट हवी, दुसरी बाजू गार हवी. लपायला एक काळोखी ढोली हवी. ताजं पाणी हवं. आणि आठवड्याला एक गोठवलेला उंदीर, नीट वितळवून, कोमट करून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नव्या घरात आल्यावर तिला हात लावायचा नाही, उचलायचं नाही, सारखं डोकावायचं नाही. "जस्ट लीव्ह हर बी, लव्ह," असं म्हणून तिने माझा हात दाबला. मला तर हसूच आलं! आपल्याकडे प्रेम म्हणजे काहीतरी करणं असतं. खायला घाला, पांघरूण घाला, गाल ओढा, पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला लावा. आणि इथे एक जीव असा, की ज्याच्यावर माया करायची म्हणजे दूर बसायचं, गप्प राहायचं, त्याला त्याच्या अंधारात सुखाने असू द्यायचं! ही सेवा मला फार अवघड गेली, पण मी ती शिकले. रोज संध्याकाळी पेटीपासून चार हात लांब खुर्ची टाकून बसायचं, ढोलीच्या तोंडाशी दिसणारं ते नारिंगी नाक पाहायचं आणि समाधान मानायचं. पहिला उंदीर तिने मुकाट्याने गिळला तेव्हा माझा ऊर असा भरून आला, की मुलीला मँचेस्टरला फोन करून सांगितलं. ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मम्मा, मी ग्रॅज्युएट झाले तेव्हा पण तू इतकी हॅपी नव्हता."

सासूबाई त्याच उन्हाळ्यात कोल्हापूरहून आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. आईंनी पहिल्या दिवशी पेटी पाहिली आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या. "अगं, कुत्रं पाळावं, मांजर पाळावं. हे कसलं गं तुझं येडताकपणाचं?" त्या खोलीत शिरताना भिंतीला घासून चालायच्या, आणि गराजमधल्या छोट्या फ्रीजरमध्ये काय आहे ते मला सांगूही नकोस, असं त्यांनी बजावलं होतं. मला त्यांची ती भीती आवडायची, खरं सांगते. भीतीमध्ये एक अंतर असतं, आणि मार्मलेडला अंतराखेरीज आमच्याकडून काहीच नको होतं. पण मग श्रावण लागला, आणि आईंची भीती संपून भक्ती सुरू झाली.

नेमकं तेव्हाच मला ऑफिसच्या कामासाठी मँचेस्टरला जावं लागलं. निघताना मी श्रीधरला, म्हणजे नवऱ्याला, सगळं सांगून ठेवलं. "पाणी बदल, रविवारी उंदीर दे, बाकी हात लावू नकोस." त्याने लॅपटॉपवरून नजर न काढता "डोंट वरी" म्हटलं. हे दोन शब्द ऐकले की माझी खरं तर काळजीच सुरू होते. पण ट्रेन पकडायची होती, मी गेले. त्या आठवड्यात ऑगस्ट असूनही इकडचं ते सुप्रसिद्ध गारठलेलं, ओलं, राखाडी आकाश खाली उतरलं होतं. मँचेस्टरला ट्रॅममधून जाताना मी स्वेटर चढवला, आणि मनात म्हटलं, बरं झालं, मार्मलेडच्या पेटीत ऊब आहे.

परत आले, बॅग दारात ठेवली, आणि बघते तर पेटी जागेवर नाही! जिन्याखालचा तो शांत, उबदार कोपरा रिकामा, आणि पेटी पुढच्या मोठ्या खिडकीत, देवघराशेजारी, चौरंगावर. पेटीवर झेंडूची माळ. आत कुंकवाचा सडा, तांदळाचे दाणे. ढोली बाहेर काढून रेडिएटरवर ठेवलेली. हीट मॅटची वायर गुंडाळून चौरंगाखाली खुपसलेली, कारण ती त्या कोपऱ्यातून प्लगपर्यंत पोचत नव्हती. दुधाचं मी काही बोलत नाही, ते तुम्ही ओळखलंच असेल. "हे काय आहे?" मी विचारलं. आई मोठ्या प्रसन्न मुद्रेने म्हणाल्या, "अगं, जिन्याखाली का देवाला ठेवतात? मी मोबाइलवर दिशा बघितली. ही ईशान्य. नागपंचमी झाली, पण श्रावण आहे ना, असू दे म्हटलं इथेच."

आता या खिडकीबद्दल सांगते. आमच्या घरातली ती सगळ्यात गार जागा. तिच्या फटीतून वारा येतो म्हणून आम्ही स्वतः तिथे कधी बसत नाही. जिथे आम्ही स्वतःचे पाय पसरत नाही, तिथे त्या मुक्या जीवाला ईशान्य म्हणून बसवलं! ज्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, जो उसन्या उबेवर जगतो, त्याची ऊब काढून घेतली आणि बदल्यात त्याला माळ घातली. आणि उंदीर? श्रीधर माझी नजर चुकवत म्हणाला, "आई म्हणाली श्रावणात घरात नको. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात देऊ. ते लोक राहतात ना उपाशी, आय मीन, साप." ते लोक! 

पण खरी गंमत पुढेच होती. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर, मी मँचेस्टरला असताना, एक व्हिडिओ फिरला होता. मंडळाच्या सुनंदाताई आणि त्यांच्यासोबत पाच-सहा जणी दर्शनाला येऊन गेल्या होत्या. व्हिडिओत मार्मलेडने डोकं सरळ वर उचललेलं होतं, तोंड उघडलेलं होतं, आणि मागे सुनंदाताईंचा भारावलेला आवाज, "बघा, बघा, फणा काढून आशीर्वाद देतायत! कालपासून काही खाल्लं नाही म्हणे. कडक उपवास आहे नागोबांचा." खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, कॉर्न स्नेकला फणा असतो तरी का? तिने डोकं वर उचललं होतं कारण तिला श्वास घेता येत नव्हता. तोंड उघडं होतं कारण नाकाने हवा पुरत नव्हती. ओठांच्या कडेला बारीक बुडबुडे होते, झूम केल्यावर स्वच्छ दिसत होते. एक जीव घुसमटत होता, आणि त्याच्यासमोर बायका पदर खांद्यावर घेऊन नमस्कार करत होत्या!

मी तिला टॉवेलात गुंडाळून, गाडीचा हीटर लावून, शेजारच्या गावातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्हेटकडे नेलं. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप लावला, तोंड हळूच उघडून पाहिलं आणि विचारलं, "तिला गारठ्यात ठेवलं होतं का?" मी हो म्हटलं. का ठेवलं होतं, हे इंग्रजीत कसं सांगणार? ईशान्य दिशेला इंग्रजी शब्द आहे, पण त्या शब्दात तो चौरंग कुठे मावतो? फुप्फुसांना संसर्ग झाला होता. इंजेक्शनं द्यायची, सतत ऊब ठेवायची, अंधार आणि शांतता ठेवायची, आणि वाट पाहायची. "जेवली तर वाचेल," असं त्या म्हणाल्या. जेवली नाही तर काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

घरी येऊन मी पेटी पुन्हा जिन्याखाली नेली. माळ काढली, कुंकू पुसलं, मॅट लावली, ढोली धुऊन परत ठेवली. आई दाराशी उभ्या होत्या. "एवढं काय झालंय? देवाची सेवाच केली ना? आणि तो तर आपणहून उपाशी राहिला. जनावर असून श्रावण पाळला त्याने. माणसांना जमत नाही." या वाक्याने माझ्यात काहीतरी फुटलं. तुम्ही म्हणाल, सापासाठी एवढा संताप? सापासाठी तर होताच. पण तो फक्त सापासाठी नव्हता.

माझी एक मावशी होती, कराडची. कमलमावशी. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायची. उंच, हसरी, घरात शिरली की उजेड पडावा अशी बाई. ती फार उपवास करायची. चातुर्मास, सोमवार, एकादश्या, जे असेल ते. एका वर्षी तिचं खाणं आणखी कमी झालं. आधी एकभुक्त, मग नुसती ताकाची वाटी, मग तीही अर्धी. सगळं घर कौतुकाने म्हणायचं, "कमलला भूकच लागत नाही हो, काय तिचं पुण्य!" गल्लीतल्या बायका तिच्या पाया पडून जायच्या. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या, आणि त्यातही लोकांना तेजच दिसत होतं. ती माजघरात एकटी असली की पोटावर हात दाबून भिंतीला टेकायची, हे मी पाहत होते. मी शाळकरी पोर, पण मी जाऊन सांगितलं होतं, "मावशीच्या पोटात दुखतंय." मला सांगण्यात आलं, "गप्प बस. ती व्रतस्थ आहे." डॉक्टर आले तेव्हा पोटातला रोग सगळीकडे पसरलेला होता. आणि ती गेल्यावरही लोक काय म्हणाले असतील? व्रतातच गेली, भाग्यवान!

कोण भाग्यवान? भुकेने, वेदनेने, लाजेने गप्प राहिलेल्या माणसाच्या त्या गप्प राहण्याला पुण्य म्हणणारे आपण कोण? कुणी जेवत नसेल तर पहिला प्रश्न काय विचारायचा असतो? "बरं वाटत नाही का?" एवढा साधा, दोन कवडीचा प्रश्न! तो विचारायचा सोडून आपण हात जोडून मोकळे होतो, कारण नमस्कार केला की पुढे काही करावं लागत नाही. पूजेत सोय असते हो, फार मोठी सोय. एखाद्या जीवाला चौरंगावर बसवलं की त्याला थंडी वाजते का, तहान लागते का, हे पाहण्याची जबाबदारी संपते. आणि ज्याला ओरडता येत नाही, तो तर पूजेला सगळ्यात सोयीचा. साप ओरडत नाही. माझी मावशीही ओरडली नाही.

हे सगळं मी आईंना त्याच दाराशी उभी राहून सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, लपवत नाही. इतक्या वर्षांत कमलमावशीचं नाव मी या घरात घेतलं नव्हतं. श्रीधर वरच्या मजल्यावरून अर्धा जिना उतरला आणि तिथेच थांबला. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागल्या, डिशवॉशर असताना.

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. वाट पाहणं ही काय चीज आहे, हे आजारी जीवाच्या उशाशी बसल्याशिवाय कळत नाही. मी इंजेक्शन द्यायला शिकले. खवल्यांच्या मधल्या त्या मऊ फटीत सुई शिरताना तिचा सगळा देह एकदा आकसायचा आणि माझाही. श्वासाची घरघर हळूहळू कमी झाली, पण तिने उंदराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकदा कोमट करून ठेवला, तसाच राहिला. पुन्हा ठेवला, पुन्हा राहिला. ती ढोलीत वेटोळं करून पडून असायची आणि तिच्या पाठीचा कणा कातड्याखालून दिसू लागला होता. संध्याकाळी मी खुर्ची टाकून बसायची आणि कान देऊन ऐकायची. ती खसखस येतच नव्हती. आई एक-दोनदा येऊन लांबून पाहून गेल्या. एकदा त्यांनी विचारलं, "मॅट गरम आहे ना गं?" मी हो म्हटलं, आणि त्यांनी खाली वाकून स्वतः हात लावून पाहिलं.

श्रावण सरला, गणपती आले, गौरी आल्या. गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या घरात पहाटेपासून पुरण शिजत असतं आणि माझ्या डोक्यात फक्त याद्या शिजत असतात. आईंचं सोवळं इतकं कडक, की त्या दिवशी मी गराजच्या फ्रीजरचं दारही उघडणार नव्हते. त्या पुरणाचा हात धुऊन बाहेरच्या खोलीत गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "अगं, ये इकडे. ही बाहेर आलीये." मी धावत गेले. मार्मलेड ढोलीतून निघून काचेपाशी आली होती, मान थोडी उचललेली, तोंड मिटलेलं, आणि ती दुभंगलेली जीभ भराभर आतबाहेर करत होती. मी आईंकडे पाहिलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं. "भूक लागलीये तिला," असं त्या म्हणाल्या.

"आज?" मी विचारलं. "आई, आज गौरी आहेत. नैवेद्य व्हायचाय अजून."

"मग?" आई कमालीच्या शांतपणे म्हणाल्या. "तिला आधी वाढ. गौरी थांबतील."

मी गराजमध्ये गेले. वितळवायला वेळ लागतो, तो लागला. पुरणपोळ्या लाटायच्या खोळंबल्या, श्रीधर दोनदा घड्याळ बघून गेला. मी चिमट्याने उंदीर पेटीत धरला. मार्मलेड थबकली, मागे झाली, आणि मग एका झटक्यात तिने तो धरला. ते गिळणं पाहायला सुंदर नसतं, मी खोटं सांगणार नाही. पण तो फुगवटा मानेतून हळूहळू खाली सरकताना पाहून माझ्या डोळ्यांना धार लागली. आई पाठमोऱ्या उभ्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. "झालं का?" असं त्यांनी न वळता विचारलं. झालं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "चल, आता तू हात धू साबणाने. पोळ्यांचं बघू."

संध्याकाळी मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. भरजरी साड्या, वर कार्डिगन, पायात मोजे. सुनंदाताईंनी आत पाऊल टाकल्या टाकल्या खिडकीकडे पाहिलं. "अय्या, नागोबा कुठे गेले? काय हो काकू, सुटला का उपवास त्यांचा?" मी ओटी भरत होते, हातातला नारळ तसाच राहिला. माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं, आणि ते फार कडवट होतं. पण आईंनी मला बोलू दिलं नाही.

"उपवास नव्हता गं तो, सुनंदा," आई म्हणाल्या. खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. "आजारी होती ती. मी तिला गार कोपऱ्यात ठेवली, म्हणून आजारी पडली. तुझ्या त्या व्हिडिओत आशीर्वाद नाहीये, श्वास अडकलाय तिचा. काढून टाक तो."

 सुनंदाताईंनी पर्समधून फोन काढला आणि त्या बराच वेळ त्यात खाली पाहत राहिल्या. मग कुणीतरी पुरणपोळीत जायफळ किती घातलं असं विचारलं, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

माझा राग गेला का? नाही. आणि खरं सांगू, तो जाऊ नये असंच मला वाटतं. अजूनही कुणी कुणाच्या उपाशी राहण्याचं कौतुक करू लागलं की मी ताटावरून उठते आणि त्या माणसाला विचारते, बरं वाटतंय ना तुम्हाला? लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे. आई कोल्हापूरला परत गेल्या, पण दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ती जेवली का?" श्रीधर जेवला का, हे त्या नंतर विचारतात.

आत्ता हे लिहिताना बाहेर अंधारून आलं आहे, दिवे लागले आहेत, आणि जिन्याखालून ती खसखस येते आहे. रेशमी घडी उलगडावी तशी, सावकाश, कुणालाही न विचारता. मी लेखणी थांबवून ऐकते. आजारी होती ती. केवढंसं वाक्य! एका म्हाताऱ्या बाईने भर हळदीकुंकवात ते म्हटलं, आणि आकाश काही कोसळलं नाही. कराडच्या त्या माजघरातही ते कुणी म्हणू शकलं असतं. मी तर म्हटलंही होतं, पण तेव्हा मी खूप लहान होते.